वास्तू विकताना मागे उरते ते



घर बांधणे हा जसा गृहस्थाच्या आयुष्यातील मोठा संस्कार, तसे घर विकणे हाही एक प्रकारचा संस्कारच होय. परंतु पहिल्यासाठी शास्त्राने भूमिपूजनापासून वास्तुशांतीपर्यंत विधी सांगितले आणि दुसऱ्यासाठी फारसे काही सांगितले नाही. कारण उघड आहे. वडिलोपार्जित घर विकण्याची वेळ पूर्वी क्वचितच येई, आणि आली तरी तिची वाच्यता होत नसे. आज मुले मुंबईस, बंगळूरास, आखातात किंवा युरोपात स्थायिक झालेली. गावच्या घराची कौले दर पावसाळ्यापूर्वी परतण्यास माणूस मिळत नाही. हिस्सेदार दहा आणि राहणारा एकही नाही. अशा स्थितीत घर विकणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न विक्रीचा नाही. विक्रीनंतर त्या घरात जे मागे उरते, त्याची व्यवस्था कोणी लावावयाची, हा प्रश्न आहे.

कायद्याने या बाबतीत काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आठव्या कलमानुसार, निराळे ठरले नसेल तर, घराबरोबर दारे, खिडक्या, कुलपे, किल्ल्या, अडसर आणि घराच्या कायम उपयोगासाठी असलेल्या वस्तू खरेदीदाराकडे जातात. जमिनीत रुजलेला माड आणि फणस जमिनीबरोबर जातो. परंतु पितळी समया, तांब्याचे भाण, कोठीतील पेटारे, पोथ्यांची बासने, देव्हाऱ्यातील मूर्ती या जंगम वस्तूंचा उल्लेख खरेदीखतात सहसा नसतो. गोमंतकातील कुटुंबांना ही उणीव विशेष जाणवावी. कारण येथे वारसाहक्काच्या वेळी इन्व्हेंटरी करून इस्टेटीतील लहानमोठ्या वस्तूंची नोंद घेण्याची पद्धत पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आहे. वाटणीच्या वेळी भांडे न् भांडे मोजणारे कुटुंब विक्रीच्या वेळी मात्र घाईने कुलूप लावून निघून जाते.

मागे उरणाऱ्यांत पहिले देव. देव्हाऱ्यातील शाळिग्राम, बाण आणि मूर्ती यांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या झालेली असते. विक्री ठरल्यावर एखादी शाखा त्यांना नेते. पण कित्येकदा भावाने बहिणीकडे आणि पुतण्याने काकाकडे बोट दाखवावे व शेवटी देव कोनाड्यातच राहावेत, असे घडते. खरेदीदाराला त्यांचे काय करावे हे कळत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. मग एखाद्या सकाळी त्या मूर्ती व तसबिरी देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर, कोणाचे नाव-गाव नसलेल्या अवस्थेत आढळतात. अंगणातील तुळशीवृंदावनाची आणि बागेच्या कडेला राखणदारासाठी नारळ ठेवला जाई त्या दगडाचीही हीच गत होते.

येथे महाजन कुळांनी आपला इतिहास आठवावा. सोळाव्या शतकात साष्टीतील देवालयांवर संकट आले तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आणला गेला. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता. घरे, शेते, भाटे, विहिरी आणि तळी मागे राहिली. देव मात्र प्रथम उचलले गेले. नदी ओलांडणाऱ्या त्या पूर्वजांना वेळ नव्हता, वाहने नव्हती, उद्याची शाश्वती नव्हती. आजच्या विक्रेत्याजवळ या तिन्ही गोष्टी असतात. म्हणून देव मागे राहणे ही अडचण आहे असे म्हणता येत नाही. ती केवळ दुर्लक्षाची गोष्ट आहे.

दुसरे मागे उरतात ते कागद. हक्काचे दस्तऐवज पूर्ण किंमत पोचल्यावर खरेदीदारास द्यावे लागतात, हे योग्यच. परंतु त्याच पेटाऱ्यात मोडीतील हिशेबाच्या वह्या, पोर्तुगीज भाषेतील पावत्या, लग्नपत्रिका, जन्मटिपणे आणि देवस्थानाशी झालेला पत्रव्यवहार असतो. महाजनकी ही कुळाबरोबर चालते, घराबरोबर नव्हे. 1933 च्या देवस्थान नियमावलीखालील महाजनांच्या यादीत जे नाव असते, ते घर विकल्याने पुसले जात नाही. पण त्या नावाचा आपल्याशी असलेला संबंध उद्या नातवाला दाखवावयाचा झाला, तर आधार त्या पेटाऱ्यातील कागदांचाच असतो. माळा साफ करणारा मजूर ते रद्दीत घालतो. त्याला मोडी वाचता येत नाही आणि, खरे सांगावयाचे तर, विक्रेत्यालाही येत नाही. वाचता येत नाही तो कागद निरुपयोगी, असे मानण्याचे कारण नाही. पणजीच्या पुराभिलेखागारात आजही अशाच कागदांवरून इतिहास लिहिला जातो.

तिसरी मागे उरतात ती माणसे. भाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार घरमालकाबरोबर जात नाही. 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याच्या राहत्या घराला आधार दिला आहे आणि भाटकार बदलला म्हणून तो आधार सुटत नाही. तरी त्याला विक्रीची वार्ता बहुधा शेवटी कळते. ज्याने माड पाडले, विहीर उपसली, चवथीला माटोळीसाठी रानातून कांगले आणि घागऱ्यो आणल्या, त्याला नव्या मालकाशी ओळख करून देणे हे विक्रेत्याचे किमान कर्तव्य होय. शेजाऱ्याची पायवाट आणि विहिरीवरील पाण्याचा वहिवाटीचा हक्क यांचेही तेच.

आणि चौथी उरते ती रिकामी जागा. चवथीच्या दिवशी ज्या तुळईखाली माटोळीची चौकट टांगली जाई, तेथील कड्या जागेवर राहतात. गणपती कोणत्या घरी पुजावयाचा हे न ठरविताच जे कुटुंब घर विकते, त्या कुटुंबाचे वर्षातून एकदा एकत्र येणे त्याच वर्षी थांबते. पालखी गावात फिरते तेव्हा ज्या दारी ती थांबत असे, त्या दारी आता ओवाळणार कोण, हे ग्रामस्थांना ऐन वेळी विचारावे लागते.

बाणावलीस व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेल्या 'गोवा चित्र' संग्रहालयात टाकून दिलेली अवजारे व घरगुती वस्तू मोठ्या कष्टाने जमविलेल्या आहेत. ती पाहताना आनंद होतो. पण संग्रहालयाला ज्या घरातून वस्तू मिळते, त्या घराने ती आधी टाकलेली असते, हेही विसरता येत नाही.

उपाय अवघड नाहीत. विक्रीच्या करारापूर्वी सर्व हिस्सेदारांनी एक दिवस घरी एकत्र येऊन यादी करावी. देव कोणी न्यावेत हे पुरोहिताच्या सल्ल्याने ठरवून, शेवटचा नैवेद्य दाखवून, ते विधिपूर्वक हलवावेत. तुळशीचे एक रोप सोबत न्यावे. कुळाचे कागद एका शाखेने सांभाळावेत आणि त्यांच्या प्रती इतरांना द्याव्यात. चवथीचे नवे घर लिहून ठेवावे. मुंडकार व शेजारी यांस सांगावे. नवा पत्ता देवस्थानच्या सचिवांकडे नोंदवावा, म्हणजे आमसभेची सूचना बंद दारावर पडून राहणार नाही. देवस्थान समितीनेही महाजनांकडून असा तपशील मागविण्याचा प्रघात पाडावा.

घर विकत घेणाऱ्याला भिंती, छप्पर आणि जमीन मिळते. त्याचे त्याने मोल दिलेले असते. ज्याचे मोल त्याने दिले नाही, त्याचा भार त्याच्यावर टाकण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही. देव, कागद आणि ऋण ही तीन ज्याने आपल्याबरोबर नेली, त्याचे घर गेले तरी कूळ उभे राहते. श्रीचरणी सर्व महाजन कुळांसाठी हीच प्रार्थना.