भांडण मुरमाचं, तोडगा काठीचा



  

प्रथेप्रमाणं राज्यशास्त्र अध्यापकांच्या या अधिवेशनात अध्यक्षानं वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यायचा असतो. घेतो. ‘विकास, शांतता आणि सुरक्षा’ या विषयावर आलेले निबंध मी वाचले. बहुतेकांत शांतता-अभ्यासाचे जोहान गाल्टुंग आहेत, मानवी सुरक्षेची कल्पना मांडणारा 1994 चा मानवी विकास अहवाल आहे, त्यामागचे महबूब उल हक आहेत, काबूल आहे, कोलंबिया आहे. लातूर नाही. आढावा संपला.

आता बरीच वर्षं मनात धरून बसलेली गोष्ट बोलतो. आपल्याकडं विकास महसूल आणि जिल्हा परिषदेकडं, सुरक्षा पोलिसांकडं. माणसं एकमेकांच्या शेजारी नीट नांदावीत हे काम मात्र कुणाच्याच टेबलावर नाही. ते शेवटी ठाण्यात जातं, आणि ठाण्याला जे येतं तेच ठाणं करतं.

मार्च 2016 आठवा. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं कलम 144 लागलं. पाण्याची रेल्वे मिरजेहून निघाली ती एप्रिलात. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. बार्शी, ढोकी करत ती आपण आज बसलो आहोत त्या मुरुडवरूनच पुढं गेली. म्हणजे आदेश आधी पोचला, पाणी नंतर. मांजरा धरणाच्या भरवशावर किती ऊस उभा करायचा, शहराला किती राखायचं, हा विकास धोरणाचा प्रश्न होता. तिथं तो कुणी सोडवला नाही, म्हणून घागरी घेऊन उभ्या बायकांपुढं तो जमावबंदी होऊन आला. तेच कलम फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत 163 झालंय. आकडा तेवढा बदलला.

हे 2016 लाच घडलं असंही नाही. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला विद्यार्थ्यांवर गोळी चालायला एक दिवस पुरला. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ यायला 1994 उजाडलं. 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी दोन ओळी लिहिल्या?

सकाळच्या सत्रात ‘आधी सुरक्षा की आधी विकास’ यावर आवाज चढले. एका तरुण मित्रानं नक्षलग्रस्त गडचिरोलीचा दाखला दिला: पोलिसांनी वाट राखली म्हणून 1 जानेवारी 2025 ला गर्देवाड्याला एसटी पोचली. मान्य. पण गर्देवाड्याचं माप लातूरला लावू नका.

इथलं भांडण कसं असतं ते सांगतो. आमच्या शिवारात दोन घरांचा रस्त्यावरून वाद होता. एकाचा ऊस तोडायला टोळी आली आणि दुसऱ्यानं वाट नांगरून टाकली. तहसीलला रस्त्याचा अर्ज झाला. तारखा पडत राहिल्या. तोवर ठाण्यात एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, मग चॅप्टर केस म्हणजे प्रतिबंधक कारवाई, दोन्हीकडच्या पोरांचे बाँड. पोरं पुण्याला कामाला जायच्या वयाची. ती तारखांना हजर राहत होती आणि फडात ऊस वाळत होता. पंचनाम्याला आलेले बीट जमादार बांधावर उकिडवे बसले, ओढ्याकडं बोट केलं आणि मला म्हणाले, “सर, या भांडणाला दोन टिप्पर मुरूम अन् एक सिमेंटची नळी लागतीय. माझ्याकडं काठी हाय.”

पुढं रोजगार हमीतून पाणंद झाली, ओढ्यावर नळी पडली. ती दोन घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण ट्रॅक्टर जातो. नुसती हिंसा थांबत नाही, भांडणाचं कारणही मिटतं, ती गाल्टुंगांची सकारात्मक शांतता हीच का, ते विद्वानांनी ठरवावं. मला तो ट्रॅक्टर पुरतो.

तुम्ही म्हणाल, गावातले तंटे गावातच मिटवायची तंटामुक्ती मोहीम होती की. होती. 15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी सुरू केली आणि माणूस कळकळीचा होता. पण मोहीम गृह खात्याची. बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर. तंटा ज्या मोजणीअभावी, ज्या रस्त्याअभावी उभा राहिला, ते खातं समितीच्या बैठकीला फारसं फिरकायचं नाही. मग बक्षिसासाठी विझलेली भांडणं उकरून नोंदवायची आणि पुन्हा मिटवायची, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. या मोहिमेवर आपल्या विषयात पीएच.डी. झाल्या. त्यातल्या ज्या मी तपासल्या, त्यांत एकाही संशोधकानं तहसीलची पायरी चढलेली नव्हती. प्रश्नावली वाटली, टक्केवारी काढली, पदवी घेतली.

तेव्हा एवढं करा. प्रत्येक महाविद्यालयानं जवळचं एक ठाणं आणि एक तहसील धरावं. ठाण्यातली एनसी आणि तहसीलमधला रस्त्याचा, मोजणीचा अर्ज शेजारी शेजारी मांडून बघावं, किती भांडणांची मूळ चिठ्ठी महसूलच्या कपाटात पडलीय ते. परवानगी कशी मिळवायची, खर्च कोण देणार, हे कार्यकारिणीनं बसून ठरवावं. मी अर्ज लिहून देतो, माहितीच्या अधिकारातही देतो. आणि पुढच्या अधिवेशनाला काबूलवर निबंध पाठवणाऱ्यानं आधी आपल्या ठाण्याची हद्द कुठून कुठवर आहे ते कळवावं. माझ्याकडं अध्यक्षपद वर्षभर आहे. असे निबंध मी परत पाठवणार आहे.