लाल मण्यामागची धूळ
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस. कार्डिंग खात्यात कापसाचा फुफाटा खाल्लाय, म्हणून दगडाच्या धुळीवर बोलतोय. आपल्या आयाबहिणींच्या गळ्यात लाल अकीकाचे मणी असतात. ते बहुतेक गुजरातेतल्या खंभातचे. मी तिथे जाऊन आलो.

दगड येतो भरूचकडच्या रतनपूरच्या खाणींतून. वर येतो तेव्हा मळकट, पिवळसर. उन्हात वाळवून मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात, तेव्हा त्यातल्या लोखंडाच्या अंशाने लाली चढते. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवतो आणि शिंगाच्या हातोडीने टिचक्या मारून आकार देतो. काय हात तो! जवळच्या लोथलला 1955 पासून उत्खनन झाले, तिथे हडप्पा काळातला मणी करण्याचा कारखाना सापडला. म्हणजे ही विद्या चार हजार वर्षांची. पण ती जपणाऱ्याच्या घरी मी काय बघितलं?

खरा घात घासण्यात आहे. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर बाई दगड धरून बसलेली, बाजूला झोळीत लेकरू, अन् सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. अकीक म्हणजे सिलिका. दिसते ती धूळ नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाते आणि तिथे व्रण धरतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही. शिवाय अशा छातीला टीबी लवकर धरतो. पुष्कळांना निव्वळ टीबीच समजून औषधे देतात. दम काही जात नाही.

1948 च्या फॅक्टरी कायद्याने हा रोग नोंदवण्याजोगा ठरवला. पण ओसरीवर चौघे बसून घासतात त्याला कारखाना कोण म्हणणार? ना हजेरीपट, ना विमा. आमच्या हातात निदान कार्ड तरी होतं.

दगड ओला ठेवून घासला, धूळ ओढणारा पंखा-नळी लावली, तर धूळ खूप कमी होते. तोंडाला फडकं बांधून भागत नाही.

आपल्या वस्तीतही टाइल्स कापणारी, क्रशरवर जाणारी पोरं आहेत. त्यांनी खोकला धरला तर डॉक्टरला आधी काम काय करतो ते सांगा, छातीचा एक्स-रे काढा. कार्यक्रम संपल्यावर मी पायरीवर बसतो. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी नाव लिहून द्यावं.