फोटो कुणाचा?



शिक्रापूरच्या चौकातून एक रस्ता पुण्याला, एक नगरला, एक चाकणला. आजूबाजूला कारखाने आणि मंगल कार्यालयं. माझं पोट या दोहोंवर. पगार नाही, साहेब नाही, म्हणून स्वतंत्र म्हणायचं! इसार द्यायच्या आधी पार्टी आडनाव विचारते. ते कळलं की, "सांगतो दोन दिवसांत." ते दोन दिवस काही उजाडत नाहीत. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र बरोबर उजाडतो.

कायदा वाचा. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 17. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, वेगळा करार नसला, तर पहिला मालक तो पैसेवाला. आपण नुसते बटण दाबणारे. पण कलम 57 म्हणतं, मालकी गेली तरी हा फोटो माझा, असं सांगायचा हक्क काढणाऱ्याचाच. तेव्हा काम धरताना कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या.

1 जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला मला कुणाची सुपारी नसते. तिथला फोटो पुरा माझा. 2018 ला तिथं दगड पडले, गाड्या जळाल्या. तेव्हापासून त्या दिवशी पेपरवाल्यांचे फोन येतात: "पाठवा, नाव टाकू." पैसे नाहीत, आणि नावही नाही.

सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेचे सफाई कामगार कॅमेऱ्यात धरले. 2016 ला त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाच्या अल्बमात ती माणसं कधी आली असती?

येत्या 1 जानेवारीला फोटो मागतील, त्यांना आधी दर सांगा. आणि म्हणावं, खाली नाव टाका. आडनावासकट.