हत्तीचं पोट, हत्तीची वाट

(परभणी येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



परभणीत हत्तीवर व्याख्यान ठेवण्याचं कारण काय, असं काहींनी संयोजकांना विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात नावापुरतं जंगल, आणि रानात दिसतात ती हरणं, रोही आणि रानडुकरं. पण हत्ती आपल्या पंचांगात आहे. नक्षत्र बदललं की आपला शेतकरी आधी त्याचं वाहन बघतो आणि म्हैस, बेडूक किंवा हत्ती असला की त्याच्या जिवाला बरं वाटतं. सध्या हस्ताचे दिवस आहेत. पाटावर हत्ती काढून मुलींचे हादग्याचे फेर चालू आहेत. आणि गणपती तर नुकतेच गावाला गेले. एवढ्या ओळखीचा प्राणी आपण पाहिला तो मात्र मिरवणुकीत, किंवा मोठ्या मंडळींनी सर्कशीत.

संयोजकांनी शाळांमधून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. हत्ती सोंडेनं पाणी पितो का? दिवसाला किती खातो? तो विसरत नाही हे खरं का? उंदराला भितो का? रायगडावर हत्ती चढला कसा? नांदणीच्या महादेवीला का नेलं? वेगवेगळ्या वयाच्या मुलांनी विचारलेले हे प्रश्न आहेत. मला त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं हत्तीच्या पोटापाशी सापडतात. म्हणून आज पोटापासून सुरुवात करतो.

इथे बसलेल्या बहुतेकांना जनावरांची माहिती आहे. गाय-म्हैस वैरण खाते, मग निवांत बसून रवंथ करते आणि कडब्यातूनही सत्त्व काढून घेते. हत्ती रवंथ करत नाही. घोड्यासारखं त्याचं चाऱ्याचं पचन आतड्याच्या मागच्या भागात होतं. खाल्लेला चारा साधारण दिवसभरात बाहेर पडतो आणि त्यातला निम्म्याहून कमीच अंगी लागतो. त्यामुळे तीन-चार टन वजनाच्या या प्राण्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सतत खात राहणं. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरच्या वर पाणी. चोवीस तासांतले सोळा-अठरा तास त्याचं तोंड चालू असतं. झोप फार थोडी. आफ्रिकेत बोट्स्वानाच्या रानातल्या दोन हत्तिणींवर उपकरणं बसवून पाहिलं तेव्हा त्या दिवसाकाठी सरासरी दोनच तास झोपत होत्या, तेही बरेचदा उभ्यानं.

एवढं चावायचं म्हणजे दात टिकायला हवेत. सुळ्यांबद्दल सगळे विचारतात, पण खरं नवल हत्तीच्या दाढेत आहे. दाढ हातात घेतली तर विटेहून जड लागते आणि वरून आडव्या धारा दिसतात, टाकी लावलेल्या जात्याच्या पाळीसारख्या. जातं झिजून गुळगुळीत झालं की पाथरवटाला बोलवावं लागतं. दाढेला ती गरज नसते, कारण तिच्यात टणक आणि मऊ असे थर आलटून पालटून असतात. मऊ थर आधी झिजतो, टणक कडा वर राहते आणि दाढ खरखरीत ती खरखरीतच. तरी ती कधीतरी संपते. मग नवी दाढ खालून वर येत नाही, जबड्याच्या मागच्या बाजूनं पुढे सरकते आणि जुनीला पुढे ढकलते. जन्मभरात असे सहा संच. सहावा संच साठीच्या आसपास झिजला की चारा चावता येत नाही. रानातला म्हातारा हत्ती मग मऊ गवताच्या, पाणथळ जागेकडे वळतो आणि हळूहळू उपासमारीनं जातो. त्याचं आयुष्य त्याच्या दाढांनी मोजलेलं असतं. सुळे म्हणजे वरचे पटाशीचे दात. ते मरेपर्यंत वाढतात. आपल्याकडच्या मादीला मोठे सुळे नसतात आणि काही नरांनाही येत नाहीत. त्यांना मखना म्हणतात.

सोंडेच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त आल्या, पण उत्तर लहान आहे. सोंडेत हाड नाही, सगळे स्नायू. हत्ती सोंडेनं पाणी ओढतो आणि तोंडात ओततो. नाकानं पीत नाही. पिलाला सुरुवातीचे काही महिने सोंडेचं काय करावं हेच कळत नाही, ते आईचं दूध तोंडानं पितं. उंदराच्या भीतीला आधार नाही. मधमाशीला मात्र तो खरोखर घाबरतो. केनियात शेताच्या बांधावर तारेनं जोडलेल्या मधपेट्या टांगून पिकं राखली गेली, आणि आपल्याकडे खादी ग्रामोद्योग आयोगानं २०२१मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत तोच प्रयोग सुरू केला.

आता स्मरणशक्ती. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण दुष्काळ म्हणजे काय हे या सभागृहाला सांगावं लागत नाही. टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. त्या वर्षी पिलं फार मेली. अभ्यासकांनी कळपाकळपांची तुलना केली तेव्हा दिसलं की काही कळप उद्यान सोडून बाहेर निघून गेले आणि त्यांची पिलं जास्त वाचली. जो कळप जागीच राहिला त्याचं नुकसान अधिक झालं. निघून गेलेल्या कळपांत वयस्क हत्तिणी होत्या. त्या भागात याआधीचा तसा दुष्काळ १९६०च्या आगेमागे पडला होता. तो पाहिलेल्या म्हाताऱ्या माद्या ज्या कळपात होत्या, त्या कळपाला पाणी कुठे असेल हे ठाऊक होतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी टिकलं होतं हे गावातल्या म्हाताऱ्या बायांना अजून सांगता येतं. कळपाची प्रमुख मादीच असते आणि नर वयात आला की बाहेर पडतो. चोरशिकारीत मोठ्या सुळ्यांची, म्हणून बहुधा वयस्क, जनावरं आधी मारली जातात. आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात, त्यामुळे तिथे कळपाची आठवणच गोळीला बळी पडते. मला हे नुकसान हस्तिदंताच्या व्यापारातलं सर्वांत मोठं वाटतं.

खायला पांगलेला कळप एकत्र कसा राहतो, हेही कोडंच होतं. १९८४मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन नावाच्या संशोधिकेला आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याजवळ हवेत थरथर जाणवली. तपासल्यावर कळलं की हत्ती माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खालच्या आवाजात बोलतात. तो आवाज काही किलोमीटर जातो.

रायगडाचा प्रश्न एका सहावीतल्या मुलीचा आहे आणि तो साडेतीनशे वर्षं जुना आहे. १६७४च्या राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं दरबाराच्या दरवाजाशी दोन हत्ती पाहिले आणि इतक्या बिकट वाटेनं ते वर आणले तरी कसे, असं नवल लिहून ठेवलं. आपल्याकडे उत्तर सांगतात की पिलं असताना वर नेली आणि तिथेच वाढवली. मला त्या कथेची गरज वाटत नाही. हत्तीला उडी मारता येत नाही, पण चढण त्याला फार चांगली येते. पाऊल जोखून टाकतो, उतारावर मागचे पाय दुमडून बसत बसत खाली येतो. आज चंदगडच्या बाजूचे जंगली हत्ती सह्याद्रीचा घाट उतरून तिलारीच्या खोऱ्यात जातात आणि पुन्हा चढून वर येतात. माझ्या मते ऑक्झिंडेननं खरं विचारायला हवं होतं ते वेगळंच. हत्ती एकदा चढतो. त्याचा चारा रोज चढवावा लागतो. गडावर हत्ती ठेवणं म्हणजे रोज दीडशे किलो हिरवा पाला आणि भर उन्हाळ्यातही तळ्यात पाणी. दारी हत्ती झुलणं ही श्रीमंतीची खूण का होती, हे या हिशेबातून कळतं.

हत्ती महाराष्ट्रातला नव्हेच, असंही काही जण म्हणतात. गोदावरी आपल्या पाथरी, गंगाखेडवरून वाहते, तिच्याच वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळच्या गाळात प्रचंड मोठ्या, आता नामशेष झालेल्या हत्तीची कवटी मिळाली. १९०५ साली तिची नोंद प्रसिद्ध झाली. मांजरेच्या काठी लातूर जिल्ह्यातही हत्तीचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म सापडले. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४मध्ये जमिनीतून काढलेल्या चार ब्राँझच्या वस्तूंमध्ये एक हत्ती आहे. आणि कौटिल्यानं देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी लावली तेव्हा कलिंग, अंग इथले उत्तम, अपरांतातले मध्यम असं ठरवलं. अपरांत म्हणजे आपलं कोकण. म्हणून २००२च्या सुमाराला कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले तेव्हा त्यांना परके म्हणणं मला पटत नाही.

पण दोडामार्गातल्या मोर्ले, हेवाळे या गावांतल्या बागायतदाराला माझं हे इतिहासाचं बोलणं काय उपयोगाचं? हत्ती केळीच्या बागेत शिरतो तो बुंध्याच्या गाभ्यासाठी. माड डोक्यानं रेटून पाडतो आणि शेंड्याचा कोवळा कोंब खातो. बाकी झाड तसंच पडून राहतं. आपलं सोयाबीन रोह्यांनी खाल्लं तर एक हंगाम जातो, पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येतं. माड गेला की सात-आठ वर्षं गेली. भरपाई मिळते, पण झाडाची उरलेली वर्षं तिच्यात धरली गेली पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या भागात माणसंही गेली आहेत. एप्रिल २०२५मध्ये मोर्ल्यात एक शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात दगावला. २०१५मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, त्यासाठी कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणावे लागले. तरी प्रश्न मिटला नाही, कारण ज्यामुळे ते आले ते जंगलाचं तुटणं थांबलेलं नाही. पूर्वेला २०२१च्या पावसाळ्यानंतर ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे आलेला मोठा कळप गडचिरोलीत शिरला, तिथे त्याला भाताची खाचरं सापडली. देशात २०१७च्या गणनेत २९,९६४ हत्ती होते. २०२५मध्ये जाहीर झालेला विष्ठेतल्या डीएनएवरचा आकडा २२,४४६ आहे. पद्धत बदलली, त्यामुळे दोन आकडे वजा करून तेवढे हत्ती कमी झाले असं म्हणता येत नाही.

आता महादेवी. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात ही हत्तीण तीन दशकांहून अधिक काळ होती. १६ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं तिला हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि तिला जामनगरला नेलं. कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. त्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तिच्या पायांचं दुखणं हा त्या खटल्यातला मुद्दा होता, म्हणून पायाबद्दल बोलतो. हत्तीच्या पुढच्या पायाचा घेर दोरीनं मोजा, दुप्पट करा. खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ तेवढीच भरते. आत हाडं टाचेकडे उचललेली असतात आणि त्यांच्याखाली चरबीची जाड गादी. पाऊल टेकलं की गादी पसरते, उचललं की आवळते. ती चालण्यासाठी आहे, मातीवर, रोज मैलोगणती. सिमेंटच्या फरशीवर साखळीत वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर तळवा फाटतो, नखं वेडीवाकडी वाढतात, जखमा चिघळतात. हे कुठल्याही मठात, मंदिरात, सर्कशीत किंवा प्राणिसंग्रहालयात होईल. म्हणून हत्ती कुणाकडे असावा या वादाआधी तो रोज किती आणि कशावर चालणार, हे विचारायला हवं.

शेवटची चिठ्ठी गंगाखेडच्या एका मुलाची आहे: आपल्याकडे हत्ती येईल का? पोटाच्या हिशेबानं सांगायचं तर परभणीत येऊन राहण्यासारखं त्याला काही नाही. बारमाही पाणी आणि सलग झाडी त्याला लागते. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं तसं रान किनवट-माहूरकडे, पैनगंगेच्या काठी. पण एखादा तरणा नर कळपातून फुटला की शेकडो किलोमीटर भटकतो. २०२५मध्ये सिंधुदुर्गातला ओंकार हत्ती गोव्यात पेडण्यापर्यंत गेला होता. असा कधी ऊस किंवा केळी शोधत आलाच, तर त्याच्यामागे मोटारसायकली घालू नका, फटाके फोडू नका, मोबाईल घेऊन गर्दी करू नका. तो ताशी वीस-पंचवीस किलोमीटरनं येतो, तेवढं पळणं ढेकळांच्या रानात आपल्याला जमत नाही. कानशिलावरून तेलकट पाणी ओघळताना दिसलं तर तो मदात आहे, जास्तच लांब राहा. त्याला जायला एक बाजू मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन लावा.