भोजनोत्तर वीस मिनिटें

दुपारचा एक वाजतो. शहरांतील एखाद्या चांगल्या हॉटेलाच्या दालनांत मंडळी जमूं लागतात. कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी कापडाचा व्यापारी, कोणी बँकेचा अधिकारी. प्रत्येकाच्या कोटावर दांतेरी चाकाचें लहानसें चिन्ह असतें. अध्यक्ष घंटा वाजवितात, जेवण होतें, चिटणीस सूचना वाचून दाखवितात. मग एक सभासद उठून त्या दिवशींच्या पाहुण्या वक्त्यांचा परिचय करून देतो. वक्ते वीस-पंचवीस मिनिटें बोलतात, दोन प्रश्न विचारले जातात, दुसरा एक सभासद आभार मानतो, टाळ्या होतात आणि पुन्हा घंटा वाजते. अडीचच्या आंत सर्वजण आपापल्या कचेरीच्या वाटेला लागलेले असतात. रोटरी क्लबाची साप्ताहिक भोजनसभा ती हीच. जगांतील असंख्य शहरीं ती वर्षानुवर्षें थोड्याफार फरकानें अशीच भरत आली आहे.

आपल्याकडील कीर्तनांत श्रवण आधीं आणि प्रसाद मागाहून. येथें क्रम उलटा आहे. प्रसाद आधीं पोटांत जातो आणि नंतर श्रवणाची पाळी येते. तेव्हां अशा तृप्त श्रोत्यांच्या कानीं पडलेल्या शब्दांचें पुढें काय होतें, हा प्रश्न थट्टेनें विचारला जातो. परंतु तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. त्या उत्तरावरच अशा सभेची सारी किंमत अवलंबून आहे.

या चालीचा उगम एका माणसाच्या एकलेपणांत आहे. पॉल हॅरिस हा अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांतील एका खेड्यांत आजीआजोबांपाशीं वाढलेला वकील. १८९६ मध्यें तो शिकागोस वकिली करूं लागला. पक्षकार मिळाले, ओळखी झाल्या, पण खेड्यांतील आपलेपणा कांहीं मिळेना. १९०० मध्यें एका संध्याकाळीं तो एका वकील-मित्राबरोबर फिरावयास गेला असतां, वाटेंतील दुकानदार त्या मित्राला आपुलकीनें हांक मारीत आहेत, असें त्याला दिसलें. तेव्हांपासून असा स्नेह भर शहरांतही जुळवितां येईल काय, हा विचार त्याच्या मनांत घोळूं लागला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं तो, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी असे चौघे त्या इंजिनियराच्या कचेरींत जमले. पुढील बैठकी आळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरूं लागल्या. ही फिरती पाळी म्हणजेच ‘रोटरी’. मंडळी वाढल्यावर कचेऱ्या अपुऱ्या पडल्या आणि हॉटेलांत जेवणाच्या निमित्तानें जमण्याची रीत रुळली. धंदेवाईक माणसाला सबंध दिवसांत मोकळा असा दुपारचाच तास. तो तास स्नेहाला द्यावा, एवढाच प्रारंभींचा हेतु होता. मुंबईस हा क्लब १९२९ मध्यें निघाला, आणि १९६२-६३ या वर्षीं नीतीश लाहरी हे जागतिक रोटरीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

एका धंद्याचा एकच सभासद घ्यावा, असा मूळचा दंडक होता. तो पुढें सैल झाला, पण त्यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. वकिलांच्या सभेंत सारे वकीलच असतात. त्यांना एकमेकांच्या बोलण्यांत नवें असें थोडेंच आढळतें. उलट या भोजनसभेंत पाणीपुरवठ्याचा इंजिनियर बोलूं लागला, कीं डॉक्टराला रोगाचें मूळ दिसतें, घरें बांधणाऱ्याला आपली चूक दिसते आणि पैसेवाल्याला आपलें कर्तव्य दिसतें. निदान दिसावें, अशी योजना आहे.

ती नेहमींच सफळ होते असें नाहीं. सिंक्लेअर लुईस या अमेरिकन कादंबरीकारानें १९२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘बॅबिट’ या कादंबरींत अशा क्लबांची व त्यांच्या भोजनसभांची मनसोक्त टर उडविली आहे. गुबगुबीत व्यापारी एकमेकांची पाठ थोपटतात आणि त्यालाच समाजसेवा म्हणतात, असा त्या टीकेचा रोख. टीका कडू असली तरी खोटी नव्हे. पोटभर जेवून उपासमारीवरील भाषण ऐकणें यांत विसंगति आहेच. शिवाय ज्या टेबलापाशीं विदुषीला वक्ता म्हणून मानानें बसवीत, तेथें तिला सभासद म्हणून बसण्याचा अधिकार रोटरीनें दीर्घकाळ दिला नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ मधील निर्णयानंतर आणि रोटरीच्या १९८९ मधील ठरावानंतरच तें दार सर्वत्र उघडलें.

परंतु या सभांना खरा धोका टीकाकारांपासून नाहीं, तो आभारप्रदर्शनापासून आहे. ‘वक्त्यांनीं आपल्या विचारांना चालना दिली, त्यांचे आम्ही ऋणी आहोंत,’ असें एकदां सौजन्यपूर्वक म्हटलें, कीं ऋण फिटल्यासारखें वाटतें. वक्त्याच्या हातीं पुष्पगुच्छ येतो आणि त्यानें मांडलेला प्रश्न त्याच्याबरोबरच हॉटेलाबाहेर जातो. जेवणाचा आकार प्रत्येक सभासद चुकता देतो. भाषणाचा आकार मात्र कोणीच दिलेला नसतो. शाळेंत धड्यामागून गृहपाठ येतो. गृहपाठावांचून धडा टिकत नाहीं, हें लहान मुलांना बजावणारीं मोठीं माणसें स्वतःच्या बाबतींत तें सहज विसरतात.

वक्त्याचें देणें श्रोत्यांनीं खरोखर फेडल्याचें एक ठळक उदाहरण आहे. तें रोटरीचें नव्हे, तिच्यासारख्याच लायन्स या संस्थेचें. तिचाही उगम शिकागोंतील व्यापाऱ्यांच्या एका भोजनमंडळांत. त्या मंडळांतील मेल्व्हिन जोन्स या विमाव्यवसायी गृहस्थानें, केवळ परस्परांचा धंदा वाढविण्यांत काय पुरुषार्थ, असें म्हणून १९१७ मध्यें ठिकठिकाणचे क्लब एकत्र आणले. आठ वर्षांत संस्था पुष्कळ वाढली, पण सेवा कोणाची करावयाची, हें एका ठिकाणीं स्थिर झालें नव्हतें. ३० जून १९२५ रोजीं ओहायो संस्थानांत, ईरी सरोवराच्या कांठीं सीडर पॉइंट येथें संस्थेचें अधिवेशन भरलें असतां हेलन केलर पाहुण्या वक्त्या म्हणून आल्या.

त्यांचें वय तेव्हां पंचेचाळीस वर्षांचें होतें. एकोणीस महिन्यांच्या असतांना आलेल्या दुखण्यांत त्यांची दृष्टि व श्रवणशक्ति दोन्ही गेलीं होतीं. १८८७ मध्यें अॅन सुलिव्हन ही शिक्षिका घरीं आली आणि तिनें त्यांच्या तळहातावर अक्षरें काढून जगाचें दार उघडलें. केलरबाई प्रयत्नानें बोलावयास शिकल्या होत्या, पण त्यांचे उच्चार अपरिचितांना सहज उमगत नसत. टाळ्यांचा आवाजही ज्यांच्या कानीं पडणें शक्य नव्हतें, अशा त्या वक्त्या! सभेला त्यांनीं दया मागितली नाहीं. एक काम मागितलें. टाळतां येण्याजोग्या कारणानें कोणी आंधळा होऊं नये आणि कोणतेंही मूकबधिर-अंध मूल शिक्षणावांचून राहूं नये, एवढ्यासाठीं या मंडळींनीं आंधळ्यांचे पाठीराखे व्हावें, असें त्यांचें सांगणें होतें. त्या संस्थेंत स्त्रियांना सभासदत्व मिळावयास १९८७ साल उजाडावें लागलें. पण तिला तिचें जीवितकार्य एका स्त्रीनेंच नेमून दिलें.

लायन्सनीं तें स्वीकारलें, आणि स्वीकार टाळ्यांवर थांबला नाहीं. इलिनॉय संस्थानांतील पिओरिया गांवच्या लायन्स क्लबाच्या एका सभासदाला रस्ता ओलांडूं पाहणारा एक आंधळा दिसला. त्याच्या हातांतील काठी काळी असल्यामुळें गाडीवाल्यांच्या नजरेंत भरत नव्हती. काठी पांढरी करावी, असें त्याला सुचलें; क्लबानें ती कल्पना उचलली आणि १९३० मध्यें पांढरी काठी घेतलेल्या अंधाला रस्त्यांत अग्रहक्क देणारा नियम त्या गांवीं झाला. रंगाचा एक हात, पण त्यानें किती जीव वांचले असतील! भारतांत लायन्स क्लब १९५६ मध्यें मुंबईस प्रथम निघाला, आणि मोतीबिंदूचीं शिबिरें हें त्याचें ओळखीचें काम होऊन बसलें.

रोटरीच्या इतिहासांतही हाच धडा आहे. शिकागोच्या क्लबाची पहिली लोकसेवा कोणती? शहरांत सार्वजनिक शौचालयें असावींत, म्हणून १९०७ च्या सुमारास धरलेला आग्रह. भाषणांत शोभून दिसणारा तो विषय नव्हे, पण रस्त्यानें जाणाऱ्याची ती खरी अडचण होती. फिलिपाइन्समध्यें १९७९ साली मुलांना पोलिओची लस पाजण्याचें काम रोटरीनें अंगावर घेतलें आणि १९८५ पासून तें जगभर पसरविलें. सरकारें, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि दारोदार हिंडणाऱ्या असंख्य कार्यकर्त्या स्त्रिया यांच्यासह तें काम भारतांतही तडीस गेलें. येथील अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्यें बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं हा भाग पोलिओमुक्त असल्याची ग्वाही मिळाली.

यावरून वक्त्यानें व श्रोत्यांनीं घ्यावयाचा बोध साधा आहे. वक्त्यानें आपल्या विषयाचें सारें पांडित्य वीस मिनिटांत ओतूं नये. एक अडचण दाखवावी आणि एक काम मागावें. श्रोत्यांनीं शेवटच्या घंटेआधीं एकच प्रश्न स्वतःला विचारावा : पुढच्या आठवड्यापर्यंत यांतलें काय होण्याजोगें आहे, आणि तें कोण करणार? उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आलें, तरी तें प्रामाणिकपणें नोंदवावें. खोट्या कृतज्ञतेपेक्षां तें बरें.

अलीकडे दर आठवड्यास जमण्याचा दंडक ढिला झाला आहे. २०१६ पासून रोटरीनें आपल्या क्लबांना सभांच्या बाबतींत बरीच मोकळीक दिली आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं दुपारच्या जेवणाची जागा संध्याकाळच्या बैठकीनें घेतली आहे. त्यांत खेद मानण्याचें कारण नाहीं. जेवण दुपारचें असो वा रात्रीचें, ताटें उचललीं जातात, टेबलें पुसलीं जातात, आणि दालन दुसऱ्या कोणाच्या समारंभासाठीं मोकळें होतें. मागें राहते ती ऐकलेली गोष्ट. ती एकाही माणसानें बरोबर नेली, तर ती सभा भरली असें म्हणावें. नाहीं तर मंडळी केवळ जेवून गेली.