औषधाने पालटणारी कांती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात विद्या, व्यवसाय आणि विवाह यांचा ऊहापोह दरवर्षी होतो. आजचा आमचा विषय आरोग्याचा असला, तरी विवाहाशी त्याचा निकट संबंध आहे. दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या काही औषधांनी कांतीचा वर्ण पालटतो आणि त्याचा भलताच अर्थ लावून आपण माणसाची पारख करतो, हा तो विषय होय.

अशी औषधे अनेक आहेत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडेरोन वर्षानुवर्षे घेतल्यास काहींच्या चेहऱ्यावर निळसर करडी छटा येते. मुरुमांवरील मिनोसायक्लिननेही तसे घडू शकते. परंतु आपल्या देशात विशेष विचार करावा असे औषध म्हणजे कुष्ठरोगावरील क्लोफाझिमिन. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात.

हे औषध १९५४ साली डब्लिन येथील संशोधकांनी क्षयावर उपाय शोधताना सिद्ध केले. पुढे ते कुष्ठरोगावर गुणकारी ठरले. केवळ डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन एकत्र देण्याची शिफारस केली. रोग अधिक पसरलेला असल्यास प्रौढ रुग्णाने क्लोफाझिमिन महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम व एरवी रोज ५० मिलिग्रॅम, असे बारा महिने घ्यावयाचे असते. सरकारी आरोग्यकेंद्रांत हे सर्व विनामूल्य मिळते.

क्लोफाझिमिन हे मुळात रंगद्रव्यच आहे. ते शरीरातील चरबीत व त्वचेत साठते. त्यामुळे काही महिन्यांत कांती तांबूस, पुढे काळसर तपकिरी दिसू लागते. चट्ट्यांच्या जागी आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर हा रंग अधिक गडद असतो. त्वचा कोरडी पडते. तिला तेल लावीत जावे. औषध पूर्ण झाल्यावर हा रंग हळूहळू ओसरतो. त्यास काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यापासून अपाय नाही.

अपाय होतो तो लोकांच्या नजरेमुळे. "चेहरा असा का झाला?" ह्या प्रश्नास भिऊन उपवर मुलगा वा मुलगी गोळ्या मध्येच सोडून देते, कधी घरची वडील माणसेच स्थळ येण्यापूर्वी त्या बंद करावयास लावतात. अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. रंग जातो, पण रोग राहतो. मज्जातंतू निकामी होऊन हात बधिर होतात, बोटे वाकतात, पापण्या मिटेनाशा होतात. चार महिन्यांच्या रंगाला भिऊन जन्माचे व्यंग पत्करणे, ह्याला शहाणपण कोण म्हणेल?

वास्तविक उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रुग्णाची संसर्गशक्ती नाहीशी होते. म्हणजे ज्याचा चेहरा औषधाने काळवंडला आहे, त्याच्यापासून शेजाऱ्यास भय नाही. चिंता वाटावी ती अंगावरील फिकट, बधिर चट्टा झाकून वैद्याकडे न जाणाऱ्याची.

दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि आनंदवनात बाबा आमटे यांनी ज्या महाराष्ट्रात ह्या रुग्णांना जवळ केले, तेथील सुशिक्षित कुटुंबांनी रंगावरून माणूस दूर लोटावा, हे शोभत नाही. २०१९ साली विवाहविषयक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळण्यात आले. कायद्याने जे मान्य केले, ते आपल्या ओसरीवर व बैठकीतही मान्य व्हावे.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. घरात कोणाचे असे औषध चालू असल्यास त्याला धीर द्यावा आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून एकही गोळी चुकू देऊ नये. वधूवरांची माहिती देताना पूर्ण झालेला उपचार लपवू नये, आणि ऐकणाऱ्यानेही तेवढ्यावरून स्थळ नाकारू नये. कोणाची कांती पालटलेली दिसल्यास चारचौघांत पृच्छा करू नये.

ज्ञातीचा लौकिक तिच्या दुर्बल घटकास मिळणाऱ्या आधारावरून ठरतो. तो आधार आपण सर्व द्याल, असा विश्वास व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.