महाडचं तीर्थ करू नका

(वाशीम इथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही मला महाडवर बोलायला सांगितलं. २० मार्च आला की सगळेच महाडवर बोलतात. फोटोला हार, दोन गाणी, तीन घोषणा, आणि मग गाडी भरून लोक चवदार तळ्यावर. पाणी बाटलीत भरून आणणारेही मी पाहिलेत. म्हणून आज मी सत्याग्रहाआधी त्या गावावर बोलणार आहे. गाव कळलं की सत्याग्रहाची धार कळते.

महाड सावित्रीच्या काठचं. नदी महाबळेश्वरला उगवते, पोलादपूरवरून खाली येते, महाडपाशी गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीची भरती पार आत चढते, म्हणून गलबतं गावापर्यंत यायची. मागं सह्याद्रीचे घाट. खाली उतरलेला माल बैलांच्या पाठीवर देशावर जायचा. नदी, बंदर आणि घाट, या तीन गोष्टींनी हे गाव पोसलं. वर रायगड. म्हणजे राजधानीचं बाजारगाव.

पण त्याच्याही आधी तिथं भिक्खू होते. गावाला लागून गांधारपाल्याची लेणी आहेत, बौद्ध लेणी. शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचं दान कोरलेलं आहे. डोंगरात राहायच्या खोल्या आहेत, चैत्यगृह आहे, आणि पाण्याची टाकी खोदलेली आहेत. आपल्या महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. लोक पोढी दान द्यायचे आणि दिली म्हणून दगडात लिहून ठेवायचे. तुम्ही वाशीमची पोरं, तुम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही. हे तुमचं वत्सगुल्म. इथल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं भिक्षुसंघाला दिलं. तेव्हा या मातीत पाणी आणि निवारा देणं हे पुण्य होतं. त्याच मातीत पाणी नाकारणं हा धर्म कधी झाला, कुणी केला? हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत. आपण शिकायचा.

आता गरम पाण्याची गोष्ट. महाडजवळ सावित्रीच्याच काठी सव नावाचं गाव आहे. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं, गंधकाच्या वासाचं. खरूज झालेले, सांधे धरलेले लोक तिथं अंघोळीला जातात. कोकणात अशी झऱ्यांची रांगच आहे. वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, सव, आरवली, तुरळ, राजापूरचं उन्हाळे. तुमच्या पैनगंगेवरही आहे, खाली किनवट तालुक्यात, उनकेश्वरला. तिथं म्हणे शरभंग ऋषीचा रोग बरा करायला रामानं बाण मारला आणि पाणी निघालं.

बाण कुणी मारला नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पाणी तापतं, वाटेत खडकातले क्षार घेतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. एवढंच. तो पाऊस महारवाड्यावर पडला की बामणआळीवर, हे खडक विचारत नाही.

मग बाणाची गोष्ट कशाला? गोष्टीशिवाय पाण्याचं तीर्थ होत नाही म्हणून. तीर्थ झालं की काठावर देऊळ येतं, देवळात पुजारी येतो, पुजारी आला की पायरी येते. आणि पायरी आली की कुणी कुठं थांबायचं तेही ठरतं. वाशीमला तर शंभरावर तीर्थं सांगतात. ती नावं पाठ करणाऱ्या एकानं तरी सांगितलं का, की आपल्या आज्याला त्यातल्या किती पायऱ्या उतरू दिल्या होत्या?

चवदार तळं मात्र तीर्थ नव्हतं. हे नीट ध्यानात घ्या. ते नगरपालिकेचं तळं होतं, साधं प्यायचं पाणी. मुसलमान प्यायचे, ख्रिस्ती प्यायचे, गुरंढोरं प्यायची. फक्त आपण नाही.

४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या करा. ठराव पास. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तोही पास. आणि पुढं तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस त्या पाण्यापर्यंत पोचला नाही. ठराव दप्तरात, काठी तळ्यावर. कागदावरचा हक्क म्हणजे काय असतो, ते महाडनं शिकवलं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला हजारो माणसं आली आणि त्यांच्यासाठी सवर्णांकडून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. खुल्या तळ्याच्या गावात! दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी ही परिषद भरवायला जिवाचं रान केलं. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे ही माणसं बरोबर राहिली. २० तारखेला बाबासाहेब पुढं, लोक मागं, आणि तळ्याचं पाणी प्यायले. ते अमृत होतं म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी पुढं स्वतःच बजावलं की या पाण्यानं आपण अमर होणार नाही, आपण माणूस आहोत हे सांगायला तिथं जातोय.

मग गावात उठवलं की महार आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परतणाऱ्या लोकांना गाठून मारलं. आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हटले. म्हैस प्यायली तेव्हा मंत्र लागले नव्हते. साध्या प्यायच्या पाण्याचं त्या दिवशी पहिल्यांदा तीर्थ केलं, ते आपल्याला दूर ठेवायला.

४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. तरी २५ डिसेंबरला बाबासाहेब बोटीनं दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून माणसांचा लोंढा पाचेक मैल चालत महाडात आला. परिषदेला एका हिंदूनं जागा दिली नाही. दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. दंगलीच्या दिवसांत हे नाव विसरू नका. त्याच जागेवर त्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. आपली लढाई माणसाच्या जन्माशी नाही, पुस्तकाशी आणि पायरीशी आहे, ते इथं दिसलं.

कोर्टाचा निकाल कधी लागला? १७ मार्च १९३७ ला, मुंबई हायकोर्टात. सनातनी म्हणत होते वहिवाट जुनी आहे. ती अनादी आहे हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

संपलं का तेवढ्यानं? १९७२ साली, हिंगोलीच्या पलीकडं परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात, विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित बायांची अब्रू काढली. महाडला तेव्हा ४५ वर्षं झाली होती. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली, ती असल्याच बातम्यांनी पेटून.

आणि आजचं महाड? तळ्याला घाट बांधलाय, पुतळा आहे, क्रांतिस्तंभ आहे. पलीकडं एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत आणि सावित्री घाण झाल्याची तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. २००५ आणि २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी घराघरात शिरलं. ज्या नदीनं गाव पोसलं तिच्याकडं आता कुणी नमस्कार करायलाही धड बघत नाही. पाणी कुणी अडवायचं हा जुना प्रश्न, पाणी कुणी नासवायचं हा नवा. दोन्हीचं उत्तर एकच माणूस भोगतो, ज्याला बाटलीतलं पाणी परवडत नाही तो.

म्हणून सांगतो, महाडला जरूर जा, पण तळ्याचं तीर्थ करू नका. तीर्थ त्यांचा धंदा आहे. आपण तिथून बाटली आणायची नाही, सवाल आणायचा. या उन्हाळ्यात तुमच्या तालुक्यात फिरा. टँकर आधी कुठल्या वस्तीत थांबतो ते लिहा. नळाची लाइन कुठल्या गल्लीपाशी संपते ते लिहा. हापशावर बायांना कोण ‘थांब’ म्हणतं, त्याचं नाव लिहा. मग पंचायतीचा ठराव मागा आणि ठराव हातात घेऊन सगळ्या वस्तीसकट पाण्यावर जा. १९२४ चा ठराव तीन वर्षं कोरडा होता. तो ओला झाला माणसं चालत गेली तेव्हा.

जय भीम!